ताटावर हात

बाबांचं ताट रिकामं होऊन बराच वेळ झाला होता, आणि कोणी काही वाढत नव्हतं.

मी बाबांच्या शेजारी बसले होते, माझ्या शेजारी सिंधू आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या तिघांचीही ताटं चाटूनपुसून साफ. समोर वासुदेवराव भोयर, त्यांच्या पत्नी इंदुताई आणि त्यांचा मुलगा सुबोध अगदी निवांत जेवत होते. मधोमध ज्वारीच्या भाकरींची टोपली, वरणाची गंजी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताकाचं मडकं. सगळं हाताच्या अंतरावर. आणि आम्ही तिघं टोपलीकडे न पाहता भिंतीकडे पाहत होतो. भिंतीवर पाहण्यासारखं एक कॅलेंडर होतं, तेही मागच्या महिन्याचं.

बाबा खाकरले. सुबोधने मान वर केली, बाबांकडे पाहून हसला, आणि पुन्हा भाकरीचा घास मोडला.

"कपाशी बरी दिसते यंदा," बाबा म्हणाले.

"बरी आहे," वासुदेवराव म्हणाले. "पण आम्ही अर्ध्यात ज्वारी आणि तूरच घेतो. घरी खायला लागते तेवढं आधी."

'खायला' हा शब्द निघाला म्हणून बाबांनी आशेने टोपलीकडे पाहिलं. टोपली तिथंच राहिली.

आता इंदुताईंनी बसतानाच सांगितलं होतं, "आपापलं घ्या हो, आमच्याकडे वाढायची पद्धत नाही." पण हे असं कोणी खरं मानतं का? आमच्याकडेही पाहुण्याला म्हणतात, 'घर तुमचंच समजा.' म्हणून काय पाहुणा कपाट उघडतो? मुलगा पाहायला आलेला मुलीचा बाप इवायाच्या घरी, म्हणजे होणाऱ्या व्याह्याच्या घरी, स्वतःच्या हाताने दुसरी भाकर उचलतो, हे आमच्या गावात ऐकलं असतं तर बायांनी तोंडाला पदर लावला असता. आम्ही सुरुवातीला अर्धी अर्धी भाकर घेतली, भाजी चवीपुरती घेतली, आणि आता आग्रह होईल म्हणून मान खाली घालून बसलो. आग्रह काही होईना.

शेवटी वासुदेवरावांचं लक्ष आमच्या ताटांकडे गेलं. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"वा! ताटात एक कण नाही. साहेबराव, तुम्ही तर आमच्यातलेच निघाले!"

असं म्हणून ते उठले, आपलं ताट उचललं आणि अंगणातल्या मोरीवर जाऊन राखेने घासायला बसले. बाबा गोंधळून उठले. हातात ताट. ते तसंच ठेवावं की न्यावं हे त्यांना कळेना. ते वासुदेवरावांच्या मागे मोरीपर्यंत गेले, आणि वासुदेवरावांनी सरकून त्यांना जागा करून दिली, राखेची वाटी पुढे केली.

माझे बाबा, साहेबराव गावंडे, दर्यापूर तालुक्यात ज्यांच्या घरच्या पंगतीचं नाव निघतं, ते होणाऱ्या इवायाच्या अंगणात उकिडवे बसून स्वतःचं ताट घासत होते. आत्याने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं.

"उष्ट्याची बादलीसुद्दा नाई वं यायच्या घरी," ती कुजबुजली. "गाईले काय टाकतात मंग?"

निघताना चहा आला. गवती चहा, बिनदुधाचा, आणि त्यात साखरेचा दाणाही नव्हता. बाबांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही.

*

वर्ध्याच्या बसस्टँडवर बाबांनी आधी तिघांसाठी आलुबोंडे घेतले. मग अजून घेतले. सोबतचा तर्रीचा रस्सा संपला तसं बाबांनी रुमालाने तोंड पुसलं.

"पोट्टी तिथं द्यायची नाई," ते म्हणाले.

"बाबा!"

"काय बाबा? अव माय, साधी दुसरी भाकर कोनी इचारली का? शत्रू जरी दारात आला तं मानूस म्हनते, घे बाबा अजून एक."

"त्यांनी सांगितलं होतं, आपापलं घ्या म्हणून. ते कोणालाच वाढत नाहीत. तशीच पद्धत आहे त्यांची."

"कोनालेच वाढत नाईत! हे काय सांगाची गोष्ट झाली?" बाबांचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरचा माणूस आमच्याकडे पाहायला लागला. "अन् चहात साखर नाई. साखर किती महाग झाली बाप्पा?"

"चिकट हायेत," आत्या म्हणाली. "नाई तं मंग पोट्टी पसंत नाई. सरळ नाई म्हनता येत नाई, म्हून उपाशी धाडलं."

मला रडू यायला लागलं. सुबोध आणि मी अकोल्याला कृषी महाविद्यालयात एकत्र होतो. त्याच्या घरचा हा कारभार मला ऐकून माहीत होता. जे आपल्या रानात पिकतं, ज्या दिवसांत पिकतं, तेच खायचं. तेल घाण्याचं, आपल्याच जवसा-तिळाचं. भुकेपुरतं घ्यायचं, टाकायचं नाही. सुबोध हे सांगायचा तेव्हा मला ते फार सुंदर वाटायचं. मेसमध्ये रोज बादलीभर भात उकिरड्यावर जायचा, पोट्टे ताटं तशीच सोडून उठायचे, आणि हा एकटा वाटी पुसून खायचा. मला तो त्या वाटीमुळेच आवडला असावा. पण आलुबोंड्याचा कागद हातात धरून बसस्टँडवर बसले तेव्हा मला वाटलं, खरंच, एकदा विचारलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

आता माझी लेक मला विचारते, आई, तू माझ्या बाबांच्या बाजूने होतीस की तुझ्या बाबांच्या? काय सांगू? मला तेव्हा दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या, आणि दोन्ही बाजूंचा रागही येत होता.

"बाबा," मी म्हटलं, "लग्न करीन तर सुबोधशीच. नाही तर करणारच नाही."

बाबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "एकडाव त्याहिले आपल्या घरी जेवाले बलावतो. मानूस कसा हाय ते ताटावर समजते. मंग पाहू."

*

तालुक्याला गेले तेव्हा एसटीडी बूथवरून मी सुबोधला फोन लावला.

"बाबा उपाशी आले रे तुमच्याकडून."

"उपाशी?" तो खरोखर चक्रावला. "अगं, टोपली भरलेली होती."

"तेच तर! भरलेली होती."

"मग घेतलं का नाही?"

"घ्या असं कोणी म्हटलंच नाही."

"आई म्हणाली ना?"

"एकदा म्हणाल्या."

"मग किती वेळा म्हणायचं असतं?"

तीनदा? चारदा? पहिला 'नको' खोटा असतो, दुसरा लाजेचा असतो, तिसऱ्या 'नको'ला वाढणाऱ्याने वाढून टाकायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे लेकराला चालता येतं तसं ते येतं.

"आणि सुबोध, तुझे बाबा काय म्हणाले आमच्याबद्दल?"

"बाबा? ते तर इतके खूश आहेत! म्हणाले, एवढी समजदार माणसं पहिल्यांदाच पाहिली. कमी जेवणारी, एक कण न टाकणारी."

मला हसावं की रडावं समजेना. एकाच सतरंजीवर बसून एकच जेवण जेवलो होतो आम्ही सगळे.

"पण तुझे बाबा उपाशी गेले, हे मी बाबांना सांगतो," सुबोध म्हणाला.

"सांग," मी म्हटलं. "नक्की सांग."

*

भोयर मंडळी आमच्याकडे आली त्या दिवशी आमच्या चुली सकाळपासून पेटलेल्या होत्या. पुरणाच्या पोळ्या, कढी, भजे, वडे, आलुवांग्याची भाजी, आणि गडूभर तूप. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे स्वयंपाकघराचा सगळा ताबा आत्याकडे. वाढायला मात्र बाबा स्वतः. पंगतीत बाबा कमरेला उपरणं खोचून उभे राहिले की लोक आधीच पोटावर हात ठेवत. तुम्ही ताटावर हात आडवा धरलात तर ते हातावर वाढत. नको म्हणालात तर म्हणत, "माह्यासाठी घ्या." त्यांच्यासाठी घेतलं की म्हणत, "आता पोरीसाठी घ्या."

आमच्याकडे पोट भरलं हे सांगायची एकच खूण होती. ताटात थोडं टाकायचं. अर्धी पोळी, घासभर भात. ताट साफ दिसलं की वाढणारा समजतो, पाहुणा अजून भुकेला आहे.

आणि भोयरांकडे ताटात काही टाकणं म्हणजे पाप.

हे दोन्ही मला माहीत होतं. वेगवेगळं माहीत होतं. एकाच पंगतीत हे दोन्ही आले तर काय होईल, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ओसरीवर पंगत बसली. वासुदेवराव, इंदुताई, सुबोध. मी आत, दाराच्या आडून पाहत होते. बाबांनी पहिली पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. वासुदेवरावांनी ती शांतपणे खाल्ली. ताट बोटाने पुसलं.

बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी दुसरी पोळी वाढली. तीही गेली. ताट साफ. तिसरी. साफ. प्रत्येक वेळी बाबा तुपाची धार धरत होते, वासुदेवरावांचं दोनदा आलेलं 'नको' त्यांनी हसण्यावारी नेलं, आणि वासुदेवराव मान खाली घालून शेवटच्या कणापर्यंत खात होते. इंदुताईंनी एकदा हळूच "अहो" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

"पाह्य," आत्या माझ्या कानाशी पुटपुटली. "सोताच्या घरी पाहुन्याले अर्धी भाकर, अन् लोकाच्या घरी कसं चाललं! फुकटचं दिसलं की झालं."

"आत्या, गप गं."

"गप काय? मी तं आता बोलून रायली. तुह्या बापाले इचार."

बाबा आत आले, पोळ्यांची परात भरून घ्यायला. मला वाटलं, तेही तेच म्हणतील. पण बाबांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत चमक.

"काय मानूस हाय वं! खाते म्हनजे खाते! मी उगाच त्याले नाव ठेवलं. घरी बायकोचं राज असंन, बिचाऱ्याले जेवाले भेटत नसंन." परात उचलून ते परत निघाले. "आज याचं पोट भरल्याबिगर उठू देत नाई."

म्हणजे आत्याला वाटत होतं की ते हावरट आहेत, बाबांना वाटत होतं की ते उपाशी आहेत, आणि मला काय वाटत होतं? मला काहीच समजत नव्हतं. हेच का ते वासुदेवराव, जे भुकेपुरतं घ्या म्हणतात? की ते सगळं बोलण्यापुरतंच होतं? सुबोध मेसमध्ये जे सांगायचा ते सगळं खोटं होतं का? मनात आलं, आत्या म्हणते तेच खरं असलं तर?

तेवढ्यात मागच्या दाराने सुबोध आत आला. तो पंगतीतून उठून, हात धुवायचं निमित्त करून आला होता. चेहरा पांढराफटक.

"उज्ज्वला, तुझ्या बाबांना थांबव."

"काय झालं?"

"बाबांना साखर आहे. डायबेटिस. मागं एका लग्नात गोड जेवले होते, तर दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं कराल तर किडनीवर जाईल. म्हणून तर आमच्या घरात साखर येत नाही."

बिनसाखरेचा चहा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"मग ते खातात कशाला? नको म्हणायला काय होतं त्यांना?"

"नको म्हणाले ना! दोनदा म्हणाले. तुझ्या बाबांनी ऐकलं का?"

"मग टाकायचं ताटात!"

"ते टाकणार नाहीत," सुबोध म्हणाला. "मरतील पण टाकणार नाहीत. आणि मला शपथ घातलीय, आजाराचं बोलायचं नाही म्हणून. तूच सांगितलंस ना, तुझे बाबा उपाशी गेले? ते कळल्यापासून त्यांना चैन नाही. येताना बसमध्ये म्हणाले, त्यांचा अपमान झाला माझ्या घरी, आता ते जे वाढतील ते मी खाईन."

मी दारातून पाहिलं. वासुदेवराव तोंडाने श्वास घेत होते. तांब्यातलं पाणी घटाघट प्यायले. डोळे जड झाले होते. समोर ताट, पुन्हा साफ. आणि बाबा नवी पोळी त्यात ठेवत होते, डाव्या हातात तुपाचा गडू, चुलीवरून आत्ताच उतरवलेला.

मुलगी दाखवून झाल्यावर मुलीने पंगतीत जायचं नसतं, हे मला माहीत होतं. मी गेले. वासुदेवरावांसमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या ताटावर माझा हात आडवा धरला.

"उज्जू, हात काढ," बाबा हसत म्हणाले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

"नाही काढत."

"काढ वं माय, तूप सांडते."

गडू वाकलेलाच होता. कढत तुपाची धार माझ्या हाताच्या मागच्या बाजूवर पडली. मी ओरडले नाही असं सांगेन, पण ते खोटं होईल. चांगली मोठ्याने ओरडले. पण हात काढला नाही.

"बाबा, त्यांना साखर आहे. पुरे करा आता."

बाबांच्या हातातला गडू खाली पडला. तूप ओसरीच्या फरशीवर पसरलं. सुबोध धावत पाण्याची बादली घेऊन आला आणि त्याने माझा हात त्यात बुडवला. सगळ्यांसमोर त्याने माझा हात धरलाय, याचंही कोणाला भान नव्हतं.

पहिली बोलली ती आत्याच. "साखर? अवं मायबाई! अन् आमच्यापासून लपवलं?"

"लपवलं," वासुदेवराव हळूच म्हणाले. "खरं आहे. पोराच्या बापाला रोग आहे म्हटलं की लोक घराला नाव ठेवतात. पोराचं लग्न अडू नये म्हणून गप्प राहिलो. चुकलं."

आता संपलं सगळं, असं मला वाटलं. बाबा फरशीवरच्या तुपाकडे पाहत उभे होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. लहान पोराला मार का बसला ते कळू नये तसा चेहरा झाला होता.

"पन भाऊ," बाबा म्हणाले, "घासभर ताटात टाकून देल्लं असतं तं मले समजलं असतं. लेकरालेही समजते. तुमी साफ करत गेले, मी वाढत गेलो. मी काय दुश्मन होतो का तुमचा?"

"टाकणं मला जमत नाही, साहेबराव."

"काहून?"

वासुदेवराव म्हणाले, "माझ्या लग्नात मोठी पंगत झाली होती. लोकांनी ताटं भरून घेतली आणि अर्धी टाकून उठले. गोठ्यामागे उष्ट्याचा ढीग पडला. भात, बुंदी, पुऱ्या. माझ्या जोडीतला एक बैल दावं तोडून तिकडे गेला. पोटभर खाल्लं त्याने. सकाळी पाहिलं तर फुगून पडलेला. नवरी घरात आली त्या दिवशी मी बैल पुरला. तेव्हापासून ताटात काही राहिलं की मला तो दिसतो."

आता मला समजलं, त्यांच्याकडे उष्ट्याची बादली का नव्हती. बाबा खाली बसले. वासुदेवरावांच्या समोर, तुपाच्या थारोळ्याच्या कडेला.

"अन् मी काहून वाढतो, सांगू?" ते म्हणाले. "आमची माय गेली तवा मी लहान होतो. मी अन् हे सिंधू, काकाच्या घरी जेवाले जात होतो. काकू एकडाव वाढे. वाईट नोती, पन एकडावच वाढे. अजून मांगाची लाज वाटे. ताट रिकामं करून आमी बसून राहो, का आता इचारन, आता इचारन. कोनी इचारलंच नाई कधी." त्यांनी वासुदेवरावांकडे पाहिलं. "तुमच्या घरी त्या दिवशी मी तसाच बसलो होतो. एवढा मोठा होऊन."

आत्याने पदराने डोळे पुसले. ही गोष्ट तिनेही मला कधी सांगितली नव्हती. मी आयुष्यभर पाहिलं होतं की बाबा लोकांच्या ताटावर तुटून पडतात. मला वाटायचं, तो मोठेपणा आहे.

इंदुताई उठल्या. त्यांनी पिशवीतून गोळ्या काढून नवऱ्याला दिल्या, आणि मग त्यांच्या ताटातली ती शेवटची पोळी उचलून आपल्या ताटात घेतली. "ही मी खाते," म्हणाल्या. "तुम्ही उठा आता."

वासुदेवराव उठले. हात धुतले. मला वाटलं, आता ते निघतील. पण ते पंगतीपाशी परत आले.

"साहेबराव, तुम्ही जेवले का?"

"मी? मी वाढनारा. मी सगळ्याच्या मांगून जेवतो."

"बसा."

"नाई, नाई, आता कायचं..."

"बसा म्हणतो ना!" वासुदेवरावांनी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि पुढे त्यांच्या घरात एवढी वर्षं राहूनही फार वेळा ऐकला नाही. त्यांनी पाट सरकवला, नवं ताट मांडलं. बाबा संकोचून बसले. वासुदेवरावांनी परातीतली पोळी वाढली. भाजी वाढली, कढी वाढली. आयुष्यात कोणाला वाढलेलं नसावं. कढी ताटभर झाली, भज्यांना जागा उरली नाही. सुबोध तोंड फिरवून हसत होता.

बाबा जेवायला लागले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. पोळी संपत आली तसे वासुदेवराव परात धरून त्यांच्यासमोर अवघडून उभे राहिले. काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताने त्यांना खूण केली, विचारा.

"घ्या ना," ते म्हणाले. "अजून घ्या."

बाबांचा हात ताटातच थांबला. ते वर पाहीनात.

"पुन्हा म्हना," ते म्हणाले.

"काय?"

"तेच."

"अजून घ्या ना, साहेबराव. अर्धी तरी."

बाबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. एवढ्या वर्षांत त्या माणसाने हजार लोकांच्या अशा हातांवर पोळ्या वाढल्या असतील. आम्ही सगळे वासुदेवरावांच्या परातीकडे पाहायला लागलो.

त्यांनी परात खाली ठेवली.

"पुरे," बाबा म्हणाले. "पोट भरलं, भाऊ. लय भरलं."

मग ते उठायला लागले. अर्धे उठले आणि थबकले. ताटात सवयीने पोळीचा एक तुकडा राहिला होता, पोट भरल्याची खूण म्हणून. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, गोठ्याच्या दिशेने पाहिलं, आणि परत खाली बसून तो तुकडा खाल्ला. ताट बोटाने पुसलं. आणि ताट उचलून मोरीकडे चालायला लागले.

"अरे साहेबा, ताट ठेव!" आत्या ओरडली. "इवायासमोर सोताच्या घरी ताट घासतं का कोनी?"

"घासतो," बाबा मोरीतून म्हणाले. "राख कुठं ठेवली वं?"